निरोपातला 'मी' कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी व्याकरणाचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, नियम पाठ करून घ्या, समज मागाहून येते. दुसरी म्हणते, आधी मुलाला बोलतं करा, नियम वाटेत भेटतील. दोन्हीकडे जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत, म्हणून मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. पुढच्या संवादात त्या दोन बाजूंना मी माणसांचं रूप दिलं आहे. एक आहेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दुसरी त्यांच्याच हाताखाली शिकून आज सातवी-आठवीला इंग्रजी शिकवणारी बाई. विषय विरामचिन्हांचा, आणि दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत सांगण्याचा, म्हणजे डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचचा. गाव लाखनीकडचं कुठलंही धरा, दिवस रोवणीचे. जिथं राहवलं नाही तिथं मीही मधे बोललो आहे.

गुरुजी : ऐकलं ते खरं का? तुझ्या वर्गात पोरं एकमेकांना निरोप देत फिरतात, नाटकाचे संवाद म्हणतात, आणि इनडायरेक्टचा तक्ता भिंतीवर नाही?

बाई : तक्ता आहे, गुरुजी. कपाटात आहे. दिवाळीनंतर काढणार.

गुरुजी : मी जूनमध्ये लावायचो. 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'टुडे'चं 'दॅट डे', 'हिअर'चं 'देअर'. रोज प्रार्थनेनंतर एकदा घोकायचं. तूही घोकलंस.

बाई : अजून पाठ आहे.

गुरुजी : मग? हे बघ पोरी, सन २००० मध्ये सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी आम्ही पाचवीत एबीसीडी शिकवत होतो. शिकवायची वर्षं वाढली, पण पोराचं घर बदललं का? घरी झाडीबोली, शाळेत पुस्तकातली मराठी, त्यावर इंग्रजी. ते इंग्रजी बांधीत नाही, बाजारात नाही, बसस्टँडवर नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेतल्या पोराला चुकलेलं वाक्य कानाला खटकतं. आमच्या पोराला काय खटकणार? त्यानं ते कधी ऐकलेलंच नसतं. त्याला नियमाचाच आधार. तो काढून घेतलास तर त्याच्या हातात राहिलं काय?

गुरुजींचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पाठांतर करून घेणाऱ्यांना 'जुन्या वळणाचे' म्हणून बाजूला सारायची आता पद्धत पडली आहे. पण खेड्यातलं मूल नियमाच्या बळावर शहरातल्या मुलाच्या बरोबरीला येऊ शकतं, हा विश्वास त्या घोकंपट्टीमागे होता. रेन आणि मार्टिन यांचं १९३०च्या दशकातलं व्याकरण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं अजून वापरतात. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. इंग्रजी ज्यांच्या घरात नाही अशा मुलांना ते पायरीपायरीनं कसं द्यायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

बाई : नियम काढून घेत नाही, गुरुजी. पण नियम पाठ असलेलं पोर काय करतं ते ऐका. वाक्य दिलं, रमेश सेड, 'आय ॲम सिक.' पोरानं बिनचूक लिहिलं, रमेश सेड दॅट ही वॉज सिक. मी विचारलं, आता रमेश कसा आहे रे? म्हणतो, "बरा झाला मॅडम, 'वॉज' आहे ना!" वाक्याला पूर्ण गुण, आणि रमेश अंथरुणातच.

गुरुजी : पेपरात रमेशची तब्येत विचारत नाहीत.

बाई : पण पोराच्या मनात ते वाक्य खोटं झालं ना? शिवाय तक्ता नसताना तेच पोर काय लिहितं, तेही बघा. लिहितं, रमेश सेड दॅट आय ॲम सिक. आपण त्यावर लाल रेघ मारतो. ते तसं का लिहितं? मराठीत आपण म्हणतो, "रमेश म्हणाला की मी आजारी आहे." 'की' आली तरी 'मी' रमेशचाच राहिला, 'आहे'ही जागचं हललं नाही. वाक्य फिरवा, "मी आजारी आहे असं रमेश म्हणाला." पुन्हा तेच. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना घटकाभर त्याच्या जागी जाऊन बोलतो. इंग्रजीत सांगणारा आपली जागा सोडत नाही. तो आज इथं उभा राहून कालच्या बोलण्याकडे बघतो, म्हणून रमेशचा 'आय' त्याच्यासाठी 'ही' होतो आणि 'ॲम' भूतकाळात सरकतं. पोरानं मराठीची रीत इमानानं इंग्रजीत नेली आहे. ही चूक कुठून येते ते त्याला कोणी सांगतच नाही.

पोलीस ठाण्यातली फिर्याद ज्यांनी पाहिली आहे त्यांना बाईंचं म्हणणं चटकन कळेल. लिहिणारा हवालदार असतो, पण कागदावर 'मी' असतो तो फिर्यादी : मी अमुक गावचा राहणारा, समक्ष हजर राहून फिर्याद देतो की. मग लिहिलेलं वाचून दाखवतात आणि खाली फिर्यादीची सही किंवा अंगठा घेतात. हात एकाचा, 'मी' दुसऱ्याचा. कायद्याच्या कागदावर चालणारी ही रीत आपल्या कानाला इतकी सवयीची आहे की तिच्यात काही विशेष आहे असं वाटतही नाही.

आणि ही रीत आजची नाही. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचं बोलणं गोळा केलं ते ज्यांनी ऐकलं त्यांना विचारून विचारून. एखादी लीळा दोघांना वेगळी आठवत असली तर एकीला खोटं ठरवून दुसरी ठेवली नाही. कोणाची आठवण कोणती, हे नोंदून दोन्ही ठेवल्या. स्वामी भंडाऱ्याला आल्याची आणि नीळभट भांडारेकरांच्या भेटीची हकिकतही त्यात आहे. कोण बोललं, कोणी ऐकलं, कोणी सांगितलं, यांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवणारा ग्रंथ ज्या भाषेत आहे आणि ज्यात आपल्या भंडाऱ्याचं नाव आहे, त्या भाषेतल्या मुलाला 'रिपोर्टेड स्पीच' ही परकी गोष्ट म्हणून शिकवावी, याचं मला वाईट वाटतं.

गुरुजी : मराठीचा सगळाच 'मी' असा नसतो बरं का. पेपर उघड. "आपण निवडणूक लढवणार नाही, असं त्यांनी सांगितलं." इथं 'मी' कुठं आहे? 'मी'चा 'आपण' झाला.

बाई : झाला. आणि 'लढवणार नाही'चं काय झालं?

गुरुजी : ते तसंच राहिलं. (थांबून) म्हणजे बातमीदार अर्ध्या वाटेवर उभा आहे म्हण. माणूस बदलला, काळ नाही बदलला.

बाई : हे तुम्ही मला आज दिलंत, गुरुजी. उद्या वर्गात हेच कात्रण नेते. एका बाजूला घरातलं बोलणं, मधे पेपरातलं, पलीकडे इंग्रजी. एका उडीऐवजी दोन पावलं.

गुरुजी : ने. पण मला हे सांग, तुझे ते निरोप कशासाठी?

बाई : तुमचा तक्ता विधानापासून सुरू होतो. 'ही सेड दॅट'. सगळ्यात अवघड तेच आहे, कारण तिथं माणूसही बदलतो आणि काळही. मी आज्ञेपासून सुरू करते. माय पोराला शेताकडे पाठवते, "बाबाले सांग, लवकर घरी या म्हणावं." पोर धावत जातं आणि सांगतं, "मायनं तुम्हाले लवकर घरी यायला सांगितलं." 'यायला सांगितलं', म्हणजे 'टोल्ड यू टू कम'. साचा जवळजवळ तोच. 'दॅट' नाही, काळाची भानगड नाही. पोर इनडायरेक्ट स्पीच रोज बांधावर करतंय, त्याला फक्त कोणी सांगितलेलं नाही. मग मी वर्गात निरोप पाठवते. 'टेल हिम टू ओपन द विंडो.' मधल्या पोरानं जाऊन सांगायचं, 'मॅडम टोल्ड यू टू ओपन द विंडो.' खिडकी उघडली की वाक्य बरोबर.

गुरुजी : आणि 'डोन्ट' आलं की? 'मायनं मला न जायला सांगितलं' असं कोणी म्हणतं का?

बाई : नाही म्हणत. "जाऊ नको म्हणून सांगितलं" म्हणतो. तिथं वाट वेगळी होते, आणि 'नॉट टू गो' शिकवावंच लागतं. पण एवढ्या एकाच जागी अडतं, तर पोराला ती जागा दिसते. तक्त्यात सगळ्याच जागा सारख्या अवघड दिसतात.

गुरुजी : आज्ञेनंतर?

बाई : प्रश्न. तिथली गंमत अशी की आधी आपण पोराला महिनोन्महिने घासून शिकवतो की इंग्रजी प्रश्नात क्रियापद पुढं येतं. 'व्हेअर आर यू गोइंग?' ते जमलं न जमलं तोच तक्ता म्हणतो, आता ते परत मागं ने. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' मराठीत "तू कुठं जातोस?" आणि "तू कुठं जातोस असं त्यानं विचारलं", दोन्हीकडे शब्दांची जागा एकच. म्हणून पोर लिहितं, 'ही आस्क्ड मी व्हेअर आर यू गोइंग.' त्याला सांगावं लागतं की आता प्रश्न विचारणारा तू नाहीस, प्रश्न कालच विचारून झाला, तू फक्त सांगतोयस. म्हणून प्रश्नाचा क्रमही गेला आणि प्रश्नचिन्हही गेलं. हे कळलं की नियम घोकावा लागत नाही.

गुरुजी : आणि विधानं दिवाळीनंतर.

बाई : विधानं दिवाळीनंतर, आणि मग तक्ता. मुलांनी तोपर्यंत जे केलं ते त्यात लिहिलेलं दिसतं.

गुरुजी : बरं बोलतेस. पण एक गोष्ट तू विसरतेस. तुझ्या वर्गातली तीस पोरं. त्यातली पाच निरोप आणतात, पंचवीस बघतात. घोकताना तिसांचीही तोंडं हलत होती. आणि त्यांच्यापैकी कोणी उद्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून स्टाफ सिलेक्शनची तयारी करेल. तिथं नरेशनचा प्रश्न येतो, चार पर्याय येतात, आणि अर्ध्या मिनिटात एक निवडायचा असतो. तिथं त्याला निरोप आठवणार की तक्ता?

बाई : दोन्ही आठवावेत. नुसता तक्ता फसतो. सकाळी आठ वाजता सरपंच म्हणाले, 'आय विल कम टुमॉरो.' दहा वाजता मी तुम्हाला ते सांगितलं. तक्ता म्हणतो, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. पण उद्या अजून उद्याच आहे! 'ही सेड ही वुड कम टुमॉरो' हेच खरं. इथं उभं राहून इथलंच सांगत असू तर 'हिअर'चं 'देअर' कशाला? कोण, कोणाला, कुठं, कधी सांगतंय, हे न विचारता 'टुडे'चं 'दॅट डे' करणारं पोर गुण मिळवेल, पण निरोप चुकीचा देईल.

गुरुजी : पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्याला तर आम्हीही काळ बदलत नव्हतो.

बाई : ते तुम्ही अपवाद म्हणून शिकवलंत. मला वाटतं मूळ गोष्ट तीच आहे. बोलणं अजून खरं असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो. इंग्रज बोलतानाही तसंच करतो. 'ही सेज' म्हटलं तर काळ हलतही नाही. परीक्षेला मात्र बदललेलंच लागतं, ते मी त्यांना स्पष्ट सांगते. बोलण्यातलं इंग्रजी आणि पेपरातलं इंग्रजी कुठं वेगळं होतं, हे पोरापासून लपवायचं नाही.

इथपर्यंत माझं मत बाईंच्या बाजूचं आहे. तक्ता ही समजल्यानंतरची नोंद आहे, समजण्याचा मार्ग नव्हे. तो आधी लावला की हुशार पोर तो पाठ करतं, बाकीची इंग्रजीला घाबरतात. पण विरामचिन्हांकडे गाडी वळली तेव्हा मला गुरुजींचं पटलं.

गुरुजी : तुझी पोरं तोंडी फाडफाड बोलतील. वही दाखव. 'आय' छोटा, रमेशचा आर छोटा, 'डोन्ट'वरचा अपॉस्ट्रॉफी गायब, वाक्य कुठं संपलं ते देवाला ठाऊक.

बाई : त्यात मी कमी पडते, कबूल. पण कारण आहे. आपल्या अक्षराला लहान-मोठं नसतं. 'वैनगंगा' लिहिताना 'वै' मोठा काढायचा, हे मराठी हाताला माहीतच नाही. 'रामाचा' आपण जोडून लिहितो, त्यात वर लोंबणारी खूण कुठून येणार? तुमच्या शाळेत शिकवत होते, स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन. त्यानं वाचन छान झालं. पण पोर श्वास जिथं संपेल तिथं स्वल्पविराम टाकायला लागलं. 'द ओल्ड मॅन हू लिव्ज इन पवनी' म्हणून दम लागला, टाकला स्वल्पविराम, मग 'इज माय अंकल'. इंग्रजीत तो चालत नाही.

गुरुजी : तो दोष मला मान्य आहे. मोजणं वाचायला, लिहायला नाही. पण हे बघ, खुणा बोलून येत नाहीत, खुणा हातानं येतात. आपल्या भाषेतही त्या आपोआप आल्या नाहीत. मोडीत विरामचिन्हं नव्हती, दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नसत. छापखाना आला आणि मेजर थॉमस कँडींनी १८५०मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, तेव्हा मराठी लिहिणाऱ्यानं ह्या खुणा शिकून घेतल्या. त्या इंग्रजीवरूनच आल्या. आपल्या पणजोबांनी जे हातानं शिकून घेतलं ते आजच्या पोराला का जमू नये?

बाई : इंग्रजांनाही त्या एका दिवसात मिळाल्या नाहीत. १६११च्या इंग्रजी बायबलात अवतरणचिन्हं नाहीत. बोलणं सुरू झालं की स्वल्पविरामानंतर मोठं अक्षर, एवढीच खूण. हे सांगितलं की पोरांना धीर येतो.

गुरुजी : धीर दे, आणि श्रुतलेखनही दे. रोज पाच ओळी. मी सांगतो ती पद्धत कर. पहिल्यांदा सगळं वाक्य सरळ म्हण, दुसऱ्यांदा खुणांसकट. कॉमा, इन्व्हर्टेड कॉमा, कॅपिटल आय. वहीतली ओळ फळ्यावरच्या ओळीशी पोरानं स्वतः ताडून बघायची. तू म्हणशील, हे यांत्रिक आहे.

बाई : म्हणणार होते. खुणा तोंडानं सांगितल्या तर त्यांना स्वतः कुठं टाकायच्या ते कधी कळणार?

गुरुजी : सहा महिन्यांनी सांगणं बंद कर. हात तयार झालेला असतो. तुझ्या नाटकाचंही यात काम आहे बघ. झाडीपट्टीतल्या पोराला नाटकाची वही नवीन नाही. त्यात काय असतं? पात्राचं नाव, दोन टिंबं, आणि बोलणं. अवतरणचिन्ह नाही. ती वही घे. तोच संवाद गोष्टीसारखा लिहायला सांग, म्हणजे 'ही सेड' आलं, स्वल्पविराम आला, अवतरण आलं, आत मोठं अक्षर आलं. आणि मग तोच संवाद दुसऱ्या दिवशी गावात कोणी कोणाला कसा सांगेल ते लिहायला सांग. अवतरण गेलं, तुझं इनडायरेक्ट आलं.

बाई : हे तर माझ्या निरोपांपेक्षाही नीट बसतंय.

गुरुजी : बसेल. फक्त ते वहीत उतरलं पाहिजे. दहावीच्या कृतिपत्रिकेत विरामचिन्हं नसलेलं वाक्य देतात आणि ती घालायला सांगतात. ते गुण गरीब पोराच्या हक्काचे आहेत. त्याला ना शिकवणी लागते, ना घरी इंग्रजी बोलणारा बाप. वर्षभर रोज पाच ओळी लिहिलेलं पोर ते गुण घालवत नाही.

'गरीब पोराच्या हक्काचे गुण' हे गुरुजींचं बोलणं मला फार मोलाचं वाटतं. अर्थ समजावून देण्याच्या उत्साहात वहीकडे दुर्लक्ष झालं तर त्याची किंमत शहरातलं मूल देत नाही. त्याच्या घरी पुस्तकं असतात, खुणा त्याच्या डोळ्यांखालून जातच राहतात. किंमत देतं ते लाखांदूर-पवनीकडचं, मोहाडी-तुमसरकडचं मूल, ज्याची इंग्रजी खुणांशी गाठ फक्त शाळेत पडते. त्याला श्रुतलेखन रोज मिळालंच पाहिजे.

बाई : श्रुतलेखन उद्यापासून. पण तक्ता दिवाळीपर्यंत कपाटातच.

गुरुजी : राहू दे. किल्ली हरवू नको म्हणजे झालं.

जिल्ह्यातल्या इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की क्रम बदलून पाहावा. आधी आज्ञा, मग प्रश्न, शेवटी विधानं, आणि तक्ता त्याही नंतर. घरची बोली वर्गात येऊ द्यावी, कारण निरोप देण्याची रीत मूल तिच्यातच शिकलेलं असतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं, तिचा इंग्रजीच्या तासालाही उपयोग आहे. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती : इनडायरेक्ट करायला नुसतं वाक्य देऊ नका. ते कोण, कोणाला, कधी आणि कुठं सांगतंय हे एका ओळीत आधी लिहा. ती ओळ नसेल तर 'टुमॉरो'चं काय करायचं, हे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही खात्रीनं सांगता येत नाही.